लाँड्रीतला न्यायाधीश

४ मार्च

तीर्थरूप बाबा,

आई-बापांना 'तीर्थरूप' आणि बाकीच्या थोरांना 'तीर्थस्वरूप', एवढं शाळेतलं डोक्यात राहिलंय. त्याच्या पुढची अक्षरं शिकवत होते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असणार. तर नमस्कार केलाय असं समजा आणि पुढे वाचा. आणि पाकीट न फोडताच आईकडे सरकवलंत तर आई, तू वाच, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

फोन करत नाही, कारण फोन साबणाच्या टाकीत पडला. थाप नाही. बाहेर काढला तेव्हा इतका स्वच्छ झाला होता की सगळे नंबरही धुऊन निघाले. तसाही तुम्ही फोनवर 'आईला देतो' एवढंच बोलता. आणि मी निघताना आपलं जे बोलणं झालं ते इथे परत उतरवत नाही, दोघांनाही पाठ आहे.

मी सध्या एका मोठ्या लाँड्रीत आहे. त्याआधी बर्फाच्या कारखान्यात होतो, त्याआधी ट्रकवर. इथे दोन इस्पितळांचे आणि चार-पाच हॉटेलांचे कपडे येतात. म्हणजे चादरीच. माणूस आजारी पडो नाहीतर हौसेनं फिरायला जावो, शेवटी चादरच मळवतो. माझं काम गाडा ढकलायचं: मळके धुवायला, ओले वाळवायला, अर्धवट वाळलेले रोलरवर. रोलर म्हणजे दोन तापलेले लांब दंडगोल, त्यांच्यामधून चादर पलीकडे जाते ती कडक इस्त्री होऊनच. दिवसभर वाफेत असल्यानं माझी सर्दी गेली. आईला सांगा. म्हणजे आई, तुलाच सांगतोय.

रोलरवर एक मावशी आहेत. त्यांचे यजमान बॉयलर बघतात. मागच्या आवारात त्यांच्या दोन खोल्या आहेत. पहिल्या आठवड्यात मी जिन्यात बसून कोरडा पाव खात होतो तर मावशी म्हणाल्या, "अरे, माणूस आहेस का उंदीर? चल घरी." तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे. त्यांचा एक भाचा आहे, माझ्याच वयाचा, तोही रोलरवर. महाखट्याळ. आम्ही सगळे डोक्याला पांढरी टोपी घालतो, केस चादरीत जाऊ नयेत म्हणून. हा येता-जाता कुणाचीही टोपी उडवतो आणि ओल्या चादरींच्या गाड्यात टाकतो. मग तो माणूस बोडका फिरतोय आणि सगळा हॉल हसतोय. माझी तर रोज जाते.

आता मुद्दा. वरच्या मजल्यावर आम्ही सडे राहतो. खिडकीजवळच्या खाटेवरून दोघा ड्रायव्हरांचं भांडण लागलं होतं. मी सहज म्हटलं, ज्याला खिडकी त्याला पंखा नाही, ज्याला पंखा त्याला खिडकी नाही, आणि दर रविवारी बदला. त्यांतला एक म्हणाला, "हे कुठं शिकलास?" मी म्हटलं, "शिकायचं काय, रक्तातच आहे. वडील न्यायाधीश होते."

झालं. आता मला सगळे 'जज्ज' म्हणतात. टोपली उलटी करून तिच्यावर मला बसवतात आणि खटले चालतात. कुणाची अंडी कुणी खाल्ली. घोरणं हा गुन्हा आहे की आजार. (हा तुमच्यापुढे कधी आला होता का?) मावशींचे यजमान मला 'न्यायमूर्ती' म्हणतात, ड्रायव्हर 'मॅजिस्ट्रेट' म्हणतात, आणि वॉचमन नुसताच सलाम ठोकतो. म्हणून विचारतो, नेमका शब्द कोणता आणि त्याचा अर्थ काय? आपल्या घरी तो फक्त दारावरच्या पाटीला होता. आत आणायची सोय नव्हती. दर तीन वर्षांनी बदली झाली की पाटी आधी ट्रकमध्ये चढायची, मग आम्ही.

तुमचा,
धाकटा


२३ मार्च

तीर्थरूप बाबा,

तुमचं उत्तर आलं. येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून वॉचमनच्या हातात पाकीट बघून आधी आईला काही झालं का असंच वाटलं. उघडलं तर काय, तुमच्या त्या सरळ अक्षरात शब्दार्थ.

"न्यायमूर्ती वरच्या न्यायालयात बसणाऱ्यांना म्हणतात. मी न्यायाधीश होतो, फौजदारी काम चालवताना न्यायदंडाधिकारी. मॅजिस्ट्रेट म्हणजे तेच. लवाद दोन्ही पक्षांच्या संमतीनं नेमतात. पंच हा एकटा नसतो. उलट्या टोपलीवर बसणाऱ्याला यांपैकी काहीही म्हणत नाहीत."

हे मी वरच्या मजल्यावर वाचून दाखवलं. टोपलीच्या वाक्याला सगळे हसले. एक ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारा जहाल आहे." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांनी पोराला पत्र लिहायचं आणि त्यात शब्दकोश, बाबा? 'कसा आहेस' हा काय बेकायदा प्रश्न आहे?

पुढे लिहिलंय की हे नाव माणूस आपण होऊन लावत नाही, दुसरं कुणीतरी नेमावं लागतं, आणि काम संपलं की उतरवून ठेवावं लागतं. ते ठीक. आणि शेवटची ओळ: "निकाल देत असशील तर एकच विचारतो. जेवतोस कुणाच्या घरी?"

तेच जुनं. सातवीत माझ्या एकुलत्या एका मित्राच्या वाढदिवसाला मी त्याच्या फाटकापर्यंत पोचलो होतो. आत फुगे दिसत होते. तेवढ्यात कोर्टाचा शिपाई सायकलवरून आला आणि मला पुढच्या दांडीवर बसवून परत घेऊन गेला. का, तर त्या मित्राच्या काकांचा दावा तुमच्यापुढे होता. मला त्या काकाचं तोंडही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ठरवलंय, जो वाढेल त्याच्याकडे जेवायचं. तेव्हा त्या ओळीचं उत्तर देत नाही.

हे पत्र काल टाकायचं होतं, राहिलं. आज दुपारी इथे एक वाईट गोष्ट झाली. रोलरवर एक मुलगी आहे, एकोणीस-वीस वर्षांची, सतत चिवचिव करते म्हणून तिला चिमणी म्हणतात. चादर अडकली म्हणून तिनं आत हात घातला आणि रोलर सुरू झाला. हात भाजला आणि चेपलाही. इस्पितळात नेलंय. ज्या इस्पितळाच्या चादरी आम्ही धुतो त्याच. मला लिहिवत नाहीये, बाकीचं नंतर.

धाकटा


२५ मार्च

बाबा,

सविस्तर सांगतो, कारण हे घोरण्याचं प्रकरण नाही.

इथली एक रीत आहे. रोलर अडकला की जो आत हात घालणार तो आधी आपली टोपी काढून स्विचच्या दांड्याला अडकवतो. दांड्यावर टोपी असली की मालक स्वतः आला तरी दांड्याला हात लावायचा नाही. ही रीत कुठं लिहिलेली नाही, पण बायाबापड्या पोरांना चालायला शिकवतात तशी इथे पहिल्या दिवशी शिकवतात. चिमणी म्हणते की तिनं टोपी अडकवली होती.

त्या वेळी रोलरजवळ दोघंच होते. मावशींचा भाचा, आणि घुम्या.

घुम्याबद्दल तुम्हाला लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं तो काही बोलतच नाही. पंचेचाळिशीचा असेल. डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवतो. मी पहिल्या दिवशी 'नमस्कार, काका' म्हटलं तर माझ्या बुटाकडे बघून म्हणाला, "नाडी." सुटली होती खरी.

सुपरवायझर म्हणाला, "एक नाव द्या. एकाला काढतो आणि विषय मिटवतो. नाव आलं नाही तर दोघंही जातील, आणि वरून चौकशी लागली तर तुमच्यातले आणखी किती जातील ते मला माहीत नाही." मग काल काम सुटल्यावर सगळे जेवणाच्या खोलीत जमले. कुणी कुणाकडे बघेना. तेव्हा मावशीच म्हणाल्या, "आपला जज्ज आहे की. तो नवा आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो सांगेल ते आपण मानू."

बाबा, दुसऱ्यांनी नेमावं लागतं म्हणाला होतात ना? नेमलं. आणि या वेळी टोपली नव्हती, खुर्ची दिली.

मी दोघांनाही नीट विचारलं. तुमच्यासारखं, आवाज न चढवता.

भाचा म्हणाला, "मी पलीकडून चादर ओढत होतो. मला काय दिसणार? मला फक्त तिची किंकाळी ऐकू आली." बोलताना त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

मग घुम्या. "दांडा मी ओढला," तो म्हणाला. "टोपी नव्हती."

"पण चिमणी म्हणते, अडकवली होती."

"असेल."

"असेल म्हणजे? मग गेली कुठं?"

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला.

टोपी नंतर सापडली होती, ओल्या चादरींच्या गाड्यात. घुम्याच्याच बाजूच्या गाड्यात. मी ते विचारलं. "काका, टोपी तुमच्या गाड्यात कशी आली?"

तो म्हणाला, "तुला निकाल द्यायचाय ना, देऊन टाक. माझी बस जाईल."

आता तुम्हीच सांगा. जो माणूस कबूल करतो की दांडा मी ओढला, टोपी ज्याच्या गाड्यात सापडते आणि ती तिथे कशी आली हे जो सांगत नाही, त्याच्याबद्दल काय म्हणायचं? मी म्हटलं की माझ्या मते घाईत टोपी बाजूला काढून यांनीच दांडा ओढला. मुद्दाम नाही, पण चूक यांची. हे सगळं मी शांतपणे बोललो. घुम्यानं एप्रन काढला, घडी केली, टेबलावर ठेवली आणि गेला. त्याला तीन मुलं आहेत असं नंतर कळलं. पण त्याचा विचार निकालात करायचा नसतो, हो ना? तुम्ही एकदा आईला तसं म्हणताना मी ऐकलं होतं.

मावशींनी मला पाणी आणून दिलं. बाकी कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना पटलंच असणार. मला वाटतं मी बरोबर केलं. तुमचं मत कळवा. नुसता शब्दार्थ नको.

धाकटा


१४ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र नाही. मीही मध्ये लिहिलं नाही. लाँड्रीच्या धुराड्यावर कबुतरांनी घरटं केलंय, इतक्या धुरात अंडी आपोआप उकडत असतील का असं मी परवा भाच्याला म्हणत होतो. हे तुम्हाला का सांगतोय? कारण पुढचं सांगायचं नाहीये.

काल मावशींकडे जेवायला बसलो होतो. भाचा कामावर होता, मावशींचे यजमान बॉयलरवर. मावशी मला बटाटे वाढत होत्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "खा रे. तुला नाही वाढायचं तर कुणाला? तू होतास म्हणून पोरगं वाचलं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. पोर आहे खेळकर. टोपी दिसली की हात जातोच त्याचा. आत तिचा हात आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला." मग डाव ताटाच्या कडेवर आपटत म्हणाल्या, "तुला कळलंच होतं की. कळूनही सांभाळून घेतलंस. मीठ खाल्लेलं माणूस वेगळंच असतं. मी उगीच नाही तुझं नाव पुढे केलं."

बाबा, मला कळलं नव्हतं. शपथेवर सांगितलं तरी हे कुणाला पटणार नाही, पण मला खरंच कळलं नव्हतं. टोप्या कोण उडवतो आणि गाड्यात कोण टाकतो हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. मला तर सगळ्यांहून जास्त, कारण गाडा ढकलतो मी, आणि स्वतःची टोपी त्यातून मीच रोज शोधून काढतो. घुम्याला विचारलं, टोपी गाड्यात कशी आली. एकदाही मान वळवून भाच्याकडे बघितलं नाही. तो प्रश्न त्याला विचारायचा असतो हे मला सुचलंच नाही. मी लाच घेतली नाही, खोटं बोललो नाही. मला फक्त दिसलं नाही. हे जास्त वाईट की कमी, ते मला ठरवता येत नाही.

आणि घुम्यानं जे सांगितलं ते अक्षर न अक्षर खरं होतं. दांडा त्यानं ओढला. टोपी नव्हती.

तुमच्या त्या शेवटच्या ओळीचं उत्तर: मी त्यांच्याच घरी जेवत होतो. दोन्ही वेळा. तुम्ही विचारलंत तेव्हाही.

ते बटाटे मी संपवले. ताटातून उठायला जमलं नाही. मावशी किती मायेनं वाढतात ते तुम्हाला माहीत नाही. त्यांच्या लेखी त्यांनी काही वाईट केलंच नाही. आपलं पोर वाचवलं, बस.

आता काय करू? तुमच्या वर वरचं कोर्ट होतं. माझ्या वर ड्रायरची खोली आहे. ज्यानं निकाल दिला त्यालाच तो परत घेता येतो का? खरं सांगितलं तर भाच्याची नोकरी जाते, मावशींचं घर मला बंद होतं, आणि घुम्याची नोकरी परत मिळेलच असं नाही, कारण त्याच्या जागी नवा माणूस आलाय. आणि न सांगावं तर ती चिमणी. घुम्या तिला बघायला इस्पितळात गेला होता तेव्हा ती त्याला वाट्टेल ते बोलली, सगळ्या वॉर्डासमोर. तो ऐकून घेऊन परत गेला. ती तसं बोलली ते माझ्या निकालाच्या भरवशावर.

या वेळी काहीही लिहा, पण लिहा.

धाकटा


२१ एप्रिल

बाबा,

तुमचं उत्तर अजून नाही. थांबता आलं नाही. तुम्ही म्हणाल थांबणं मला कधी आलंय.

परवा दुपारी सगळे जेवत असताना मी उभा राहिलो. आधी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तूच बोल, ते बरं. तो म्हणाला, "वेडा झालास का? मिटलंय ते." मग मी बोललो. निकाल चुकला, टोपी घुम्यानं काढली नव्हती, मी मावशींकडे जेवतो म्हणून मला हे काम द्यायलाच नको होतं आणि मी घ्यायलाही नको होतं. कुणी काढली हे मी नाव घेऊन सांगितलं.

कुणालाही धक्का बसला नाही. त्याचंच मला जास्त लागलं. एक ड्रायव्हर वाटी पुसत म्हणाला, "आता आठवलं होय तुला?" म्हणजे त्या दिवशीची शांतता ही पटल्याची नव्हती.

सुपरवायझरनं केबिनमध्ये बोलावलं. "एक नाव मागितलं, तुम्ही दिलं, मी पुढे पाठवलं. आता दुसरं घेऊन मी काय करू? कोर्ट उठलं, घरी जा." भाचा मात्र कुणी काढायच्या आतच निघून गेला. सकाळी त्याची पेटी नव्हती. संध्याकाळी मी मावशींच्या दारात गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझ्या ताटात जेवलास आणि माझ्याच पोराला हाकलून दिलंस. जा, बाबा. न्याय कर जा कुठं करायचा तो." दार त्यांनी आपटलं नाही, हळूच लावलं. मी पुन्हा जिन्यात पाव खातोय.

घुम्या बसडेपोत सापडला. बस धुतो. रबरी पाइप घेऊन चाकं धूत होता. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं." त्यानं पाणी बंद केलं नाही.

"मला ठाऊक होतं तू कुठं जेवतोस," तो म्हणाला. "सगळ्यांनाच ठाऊक होतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगू? तुलाच?"

बाबा, मी दोन वर्षं इकडे तिकडे भटकलो, शिव्या खाल्ल्या, एकदा तर मला ट्रकमधून ढकलूनही दिलं. पण असं कुणी मला काही बोललं नव्हतं, आणि तो रागानं बोललाही नव्हता.

मी म्हटलं, सुपरवायझरकडे पुन्हा जाऊ, मी साक्ष देतो. तो म्हणाला, "तिथं नाही यायचं मला. बस बरी. बस बोलत नाही." मग पुढच्या चाकाकडे सरकला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "त्या पोरीला सांग. बाकी कुणाला नाही सांगितलंस तरी चालेल."

चिमणी आता घरी आली आहे. तिचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. रविवारी जातो.

धाकटा


२८ एप्रिल

बाबा,

हे पत्र मी लाँड्रीच्या फाटकाबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहितोय. अक्षर हललंय, कारण बाकडं हलतं. तुम्हाला माहीतच आहे.

आधी कालचं सांगतो, म्हणजे मी का नव्हतो ते कळेल. सकाळीच चिमणीच्या घरी गेलो. तिचा हात अजून बांधलेला आहे. मी सगळं सांगितलं. ती एरवी दुसऱ्याला बोलू देत नाही, पण काल शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच म्हणाली, "मी त्यांना काय काय बोलले ते तुला माहीत आहे?" आणि चपला घालायला लागली. एका हातानं पट्टा लागेना, तर तसाच लोंबकळता ठेवला. आई तिची ओरडत होती, ऊन आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. ती ऐकायला थांबली नाही.

दोन बस बदलून आम्ही डेपोत पोचलो. मी फाटकातच उभा राहिलो. ती आत गेली. घुम्यानं तिला बघितलं आणि या वेळी पाणी बंद केलं. ती म्हणाली, "काका, मी त्या दिवशी..." आणि पुढे तिला बोलता आलं नाही. चिमणीला बोलता आलं नाही हे मी पहिल्यांदा बघितलं.

तो म्हणाला, "हात बघू."

तिनं हात पुढे केला. त्यानं आपले हात आधी पँटला पुसले, मग तिचा हात खालून धरला.

"बोटं वाकतात?"

"एकच."

"रोज हलवायची. दुखलं तरी." मग दोघं बसच्या पायरीवर बसले. त्यानं डबा उघडला. तो भिंतीकडे तोंड करून नव्हता बसला. मला कुणी आत बोलावलं नाही, मीही गेलो नाही. परतताना बसमध्ये चिमणी म्हणाली, "तू चांगलं केलंस असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस," मी म्हटलं.

तिला घरी सोडलं. तिथून सरळ यायचं, तर वाटेत नदीवर पुलाचं काम चाललंय ते बघत उभा राहिलो. माझं तुम्हाला माहीत आहे. लाँड्रीवर पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि वॉचमन रस्त्यापर्यंत धावत आला.

"होतास कुठं? तुझे वडील येऊन गेले."

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, "कोण वडील?"

"किती आहेत तुला?" तो म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. तुम्ही सकाळच्या गाडीनं आलात, मी निघाल्यावर थोड्याच वेळात. काठी आहे, असं तो म्हणाला. काठी कधीपासून लागते, बाबा? आईनं एका शब्दानं लिहिलं नाही. तुम्ही माझं नाव सांगितलंत तर वॉचमन म्हणाला, "म्हणजे आपले जज्ज? तुम्ही त्यांचे वडील, ते न्यायाधीश साहेब?" तर तुम्ही म्हणालात, "साहेब नाही. त्याचा बाप आहे." तरी त्यानं सलाम ठोकला. तो कुणालाही ठोकतो.

तुम्ही दुपारी त्याच्याच डब्यातलं खाल्लंत. हे त्यानं सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, "का? खात नाहीत का ते? आग्रहही करावा लागला नाही." त्या मुलीचा कोणता हात, उजवा का डावा, हे तुम्ही विचारलंत. उजवा, बाबा. तुमचा पोरगा जेवतो कुठं, हे विचारलं नाहीत. संध्याकाळची शेवटची गाडी होती, ती धरलीत. निरोप काही ठेवला का विचारलं, तर वॉचमन आठवून म्हणाला, "नाही. फक्त मला विचारलं, तो परत कुठल्या बाजूनं येतो? मी म्हटलं, याच रस्त्यानं."

उद्या हिशेब करून इथून सुटतोय. निघालो की सरळ घरीच यायचं ठरवलंय. मी ठरवतो त्याचं काय होतं ते तुम्ही बघितलंय, पण ठरवलंय.

या बाकड्यावर दिवसभर ऊन असतं. मी आता अर्धा तास बसलोय तर पाठ भाजून निघाली. वॉचमन म्हणाला, त्यानं तुम्हाला तीन-तीनदा सांगितलं, आत केबिनमध्ये बसा, पंखा आहे, सावली आहे. तर तुम्ही म्हणालात, नको, इथून रस्ता दिसतो.

धाकटा